पाणबुड्यानें घाट केव्हां चढावा?

गोदावरीच्या पात्रांत पोहावयास शिकलेल्या नाशिककरास मालवण-तारकर्लीस जाऊन, पाठीवर हवेची टांकी बांधून समुद्राचा तळ पाहण्याची हौस वाटल्यास नवल नाहीं. हें साधन १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं सिद्ध केलें. त्यानें पाण्याखालीं श्वास मिळतो. पण दाबाचे नियम टळत नाहींत.

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथें घेतलेला श्वास कोंडून वर आल्यास ती हवा फुगून फुफ्फुस फाटूं शकतें. म्हणून पाण्यांत श्वास कधींही रोखूं नये. उतरतांना, कान दुखण्यापूर्वींच नाक चिमटींत धरून हळूच फुंकावें. पडसें असल्यास बुडी घेऊंच नये. वर येतांना मिनिटास ९ मीटरांहून अधिक वेग नसावा, आणि ५ मीटरांवर ३ मिनिटें थांबावें.

नाशिककरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दाबामुळें शरीरांत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागतो. सोड्याची बाटली उघडतांच फेंस उसळतो. तसाच भोंवतालचा दाब लवकर उतरल्यास रक्तांत बुडबुडे होऊन सांधे दुखतात, क्वचित् पक्षाघातही होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच. तेथें हवेचा दाब किनाऱ्याहून कमी, आणि वाटेंत घाट चढावाच लागतो. विमानप्रवासापूर्वीं एका बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावें असा संकेत आहे. तोच घाटासही लावणें शहाणपणाचें. सकाळीं बुडी व सायंकाळीं घाट असा बेत न करितां, ती रात्र किनाऱ्यावरच काढावी.