परमुलखातील पॅरामेडिक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रुग्णवाहिकेत रुग्णाच्या उशाशी बसून, इस्पितळाचे दार गाठेपर्यंत त्याचा श्वास आणि नाडी सांभाळणाऱ्या माणसाला कोणत्या नावाने ओळखावे, याविषयी आपल्याकडे अद्याप एकवाक्यता नाही; आणि लग्नामुळे म्हणा, आईवडिलांच्या आजारपणामुळे म्हणा, बिऱ्हाड हलवून दुसऱ्या मुलखात काम शोधणाऱ्या पॅरामेडिकची पहिली फरफट या नावापासूनच सुरू होते. ‘पॅरामेडिकल’ हा शब्द आपल्या व्यवहारात रक्त तपासणाऱ्यापासून क्ष-किरणचित्र काढणाऱ्यापर्यंत सर्वांना सरसकट लावला जात असल्यामुळे, ‘पॅरामेडिकल कर्मचारी पाहिजेत’ अशी जाहिरात वाचून शंभर कोस गेलेल्या उमेदवाराला तेथे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हवा होता असे कळते. वस्तुतः सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांविषयी संसदेने २०२१ साली केलेल्या कायद्याच्या परिशिष्टात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजेच पॅरामेडिक, हा व्यवसाय स्वतंत्रपणे नमूद आहे. म्हणून जाहिरातीतील पदनामावर विसंबू नये; खाली बारीक अक्षरात दिलेली अर्हता आधी वाचावी.

यापेक्षा खोल रुजलेला गैरसमज रुग्णवाहिका बोलावण्याच्या १०८ या क्रमांकाविषयी आहे. क्रमांक सर्वत्र एक, म्हणून सेवाही एक, सेवा एक म्हणून नोकरी सरकारी, आणि नोकरी सरकारी म्हणून बदलीचा अर्ज केला की कोल्हापूरचा माणूस हुबळीस रुजू होईल, अशी ही समजुतीची साखळी आहे, आणि तिची एकही कडी पक्की नाही. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झालेली ही सेवा पुढे एकेका राज्याने आपापल्या मुदतीने आणि आपापल्या अटींवर स्वीकारली, कारण सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय संविधानाने राज्यांच्या सूचीत घातला आहे. बहुतेक ठिकाणी राज्य सरकार निविदा काढून एखाद्या संस्थेशी करार करते, कर्मचारी त्या संस्थेचा असतो, आणि कराराची मुदत संपून ठेकेदार बदलला तर नेमणुकीचे कागद नव्याने होऊ शकतात. तेव्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ‘बदली’ होत नाही. जुन्या जागेचा राजीनामा आणि नव्या जागेचा अर्ज, हीच वाट.

शिवाय गाडीत कोणाला बसवावे याचाही शिरस्ता राज्यागणिक निराळा. महाराष्ट्रात २०१४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा तिच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक प्रणालीच्या आणि ७०४ प्राथमिक प्रणालीच्या होत्या, आणि रुग्णापाशी डॉक्टर असेल अशी योजना होती. याउलट गोव्यात आणि गुजरातेत रुग्णापाशी प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो व तो सेवेच्या केंद्रातील डॉक्टरांचा दूरध्वनीवरून सल्ला घेत उपचार करतो. या एका भेदाचा परिणाम केवढा! अहमदाबादेत पाच वर्षे गाडीवर काढलेली मुलगी नाशिकला आली, की ज्या जागेवर ती बसत असे ती जागाच येथे डॉक्टरची असल्याचे तिला आढळते. याचा अर्थ तिचे कौशल्य कमी पडले असा नव्हे, आणि तिने तसे मानूनही घेऊ नये. तिने इस्पितळांचे आपत्कालीन विभाग व खासगी रुग्णवाहिका सेवा यांच्याकडे वळावे, आणि कारखान्यांकडेही. कारण पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, ही गोष्ट चाकण, तळोजे किंवा बुटीबोरीच्या परिसरात राहायला आलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

कागदपत्रांच्या बाबतीत तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. पदविका म्हणजे शिक्षणाचा पुरावा. नोंदणी म्हणजे त्या शिक्षणाला राज्य परिषदेच्या दप्तरात मिळालेले स्थान. आणि हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे कार्ड म्हणजे एका विशिष्ट कौशल्याची दोन वर्षांपुरती ग्वाही. हे कार्ड जगभर ओळखले जाते हे खरे, परंतु ते परवाना नव्हे. २०२१च्या कायद्याने राज्य परिषदा आणि त्यांच्या नोंदवह्या यांची तजवीज केली असली तरी ते काम सर्व राज्यांत सारख्या वेगाने झालेले नाही. म्हणून जेथे जायचे तेथील परिषदेकडे आधी लेखी विचारणा करावी, आणि जुन्या जागेवरून निघताना कामाचा कालावधी व स्वरूप स्पष्ट नमूद केलेला अनुभवाचा दाखला पदरात पाडून घ्यावा. मागाहून तो मिळवणे फार जिकिरीचे असते.

आखाताकडे डोळे लावून बसलेल्या कोकणातील मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तेथेही परवाना एक नाही: दुबईचे प्राधिकरण वेगळे, अबूधाबीचे वेगळे, आणि सौदी अरेबियाचा आयोग तर सर्वस्वी स्वतंत्र. मूळ शिक्षणसंस्थेकडून कागदांची खातरजमा आणि बहुधा परीक्षा, यांतून सुटका नाही. तेथे नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या दलालापाशी १९८३च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी आहे की नाही, हे पाहिल्यावाचून एक रुपयाही देऊ नये.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. ‘रोग सगळीकडे सारखाच, मग भाषेचे काय?’ असे पुष्कळजण म्हणतात, आणि येथेच त्यांची मोठी चूक होते. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने नागरिकाला देशात कोठेही वास्तव्य आणि व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. पण घाबरलेल्या म्हातारीचे बोलणे समजण्याची शक्ती कोणताही अनुच्छेद देऊ शकत नाही. आपल्याकडचा माणूस छातीत कळ आली असे क्वचितच म्हणतो; तो ‘जीव घाबरा होतोय’ म्हणतो, ‘कसंतरीच वाटतंय’ म्हणतो, आणि त्या ‘कसंतरी’मध्ये हृदयविकार दडलेला असू शकतो. धारवाडकडे ‘एदे नोवु’ म्हणजे छातीतले दुखणे हे शब्दकोशातून कळेल, परंतु तिथला शेतकरी ते न म्हणता काय म्हणेल, हे तिथल्या माणसांत बसल्यानेच कळते. मुलाखतीत स्थानिक भाषेची चौकशी होते ती परक्याला अडवण्यासाठीच, असे मला वाटत नाही. रुग्णाच्या दृष्टीने ती अट रास्त आहे.

भाषेइतकेच रस्त्यांचे. १०८वर चालकाला ‘पायलट’ म्हणतात, आणि नवख्या पॅरामेडिकचा पहिला गुरू पुष्कळदा तोच असतो. कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरील प्रतिविष हमखास मिळते, हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा काढण्याची सोय रात्री कोठे चालू असते, पावसाळ्यात कोणता पूल पाण्याखाली जातो, आणि मग कोणत्या घाटाने वळसा घ्यावा लागतो, हे त्याला विचारून पहिल्याच पंधरवड्यात एका वहीत टिपून ठेवावे, आणि ती वही गाडीतच ठेवावी.