मन आणि कायदा (भाग ५) : समुपदेशकाची नोंद कुठे?

मागच्या भागात मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्यातला फरक पाहिला. आता समुपदेशक. भिवंडीत उद्या कुणी गाळा भाड्याने घेऊन ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावली, तर त्याचं शिक्षण कुणी तपासलंय, हे कळायला मार्ग नाही. डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला सनद. समुपदेशकाकडे अशी कुणाची मोहोर मागायची?

पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला नोंदणी सक्तीची केली. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण ते ठरवलं. त्यात परिचारिका आहेत, समाजकार्यकर्ते आहेत, मनोविकारांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आयुर्वेद आणि युनानीचे वैद्यही आहेत. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलेली मुलगी मात्र त्यात बसत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

२०२१मध्ये सहायक आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, अगदी एचआयव्ही समुपदेशकही आले. नोंदणी राज्य परिषदांनी करायची. ते काम इतकं रखडलं की ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. त्याच न्यायालयाने जुलै २०२५मध्ये, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. पात्र कोण, हे सांगणारी नोंदवहीच अपुरी असेल तर मुख्याध्यापकांनी निवड कशाच्या आधारावर करायची?

भिवंडीत हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्याला आहे, १९०१पासूनचं. पण यंत्रमागावर मीटरप्रमाणे मजुरी घेणाऱ्याने ठाण्याला जायचं म्हणजे एक पाळी बुडवायची. त्यात पद्मानगरच्या घरात तेलुगू, पुढच्या मोहल्ल्यात उर्दू, कामगारांच्या खोलीत भोजपुरी. मनातलं बोलायचं कुठल्या भाषेत, हाही प्रश्नच. अशा गावात माणूस सर्वांत आधी पोचतो तो समुपदेशकापर्यंत. सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रातली समुपदेशक तपासणीबद्दल बोलता बोलता नवऱ्याची दारू, घरातली मारहाण, मरणाचे विचार हे सगळं ऐकून घेते, आणि तेही कंत्राटी नोकरीवर. नोंदणी झाली तर तिच्या कामाला दर्जा मिळेल, आणि चार दिवसांचं शिबिर करून पाटी लावणाऱ्यापासून रुग्णही वाचेल.

तोवर समोरच्याला विचारावं : पदवी कोणत्या विद्यापीठाची? कुणाच्या देखरेखीखाली काम शिकलात? औषधांची गरज वाटली तर कुठे पाठवता? खरा समुपदेशक या प्रश्नांनी रागावत नाही. आणि जो गोळ्या बंद करायला सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. रात्री-अपरात्री आधार हवा असेल, तर १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठी, हिंदी आणि तेलुगूतही.

पुढच्या आठवड्यात : शाळेतला समुपदेशक आणि पालकांची संमती.