‘शाबीत न झालेले’ : कायद्याचे अध्ययन आणि विचाराची घडण

कायद्याचे शिक्षण म्हणजे कलमांचे पाठांतर, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती सर्वस्वी चुकीची नसली तरी अपुरी आहे. कलमे बदलतात, रद्द होतात, नव्या क्रमांकांनी पुन्हा अवतरतात. १ जुलै २०२४ रोजी भारतातील फौजदारी न्यायव्यवस्थेच्या तीन मुख्य अधिनियमांची जागा नव्या अधिनियमांनी घेतली, तेव्हा अनेकांचे पाठांतर बव्हंशी जुने झाले. त्यांची विचार करण्याची रीत मात्र जुनी झाली नाही. ही रीत कोणती, आणि ती अंगी बाणताना मनात काय पालट घडतो, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

पहिला पालट वाचनात घडतो. अपकृत्यांचा कायदा शिकताना विद्यार्थ्याला ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ हा निवाडा बहुधा वाचावा लागतो. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधील पेझ्ली गावी एका स्त्रीसाठी तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअरची बाटली विकत घेतली. बाटली अपारदर्शक होती. पेय ओतताना तीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली व आपण आजारी पडलो, असे त्या स्त्रीचे म्हणणे होते. पैसे तिने दिलेले नसल्यामुळे विक्रेत्याशी तिचा करार नव्हता. तिने उत्पादकावर दावा लावला. २६ मे १९३२ रोजी ब्रिटिश उमराव सभेने तीन विरुद्ध दोन मतांनी असे ठरविले की, वस्तूचा अंतिम उपभोग घेणाऱ्याविषयी काळजी बाळगणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे.

कथेचा वाचक या प्रसंगात माणसे शोधील. कायद्याच्या विद्यार्थ्याला वेगळा प्रश्न विचारला जातो : यांपैकी कोणता तपशील काढून घेतला असता निर्णय कोसळेल? गोगलगायीऐवजी काचेचा तुकडा असता तर? बाटली पारदर्शक असती, आणि आतील वस्तू विक्रेत्याला दिसू शकली असती तर? एकेक तपशील असा पारखून पाहिल्यावर गोगलगाय गळून पडते व बाटलीची अपारदर्शकता उरते. कारण उत्पादक आणि उपभोक्ता यांच्यामध्ये तपासणीला वाव नव्हता, हे तिच्यामुळेच ठरते. प्रथमदर्शनी जे ठसठशीत असते ते निर्णायक असतेच असे नाही, हा धडा येथे मिळतो.

या निवाड्यात आणखी एक मर्म आहे. बाटलीत गोगलगाय होती की नाही, हे न्यायालयात कधीच शाबीत झाले नाही. सांगितलेले खरे मानल्यास दावा कायद्याने उभा राहतो काय, एवढाच प्रश्न उमरावांपुढे होता; पुढे पुराव्याची वेळ येण्यापूर्वीच प्रकरण तडजोडीने मिटले. एखादी गोष्ट विश्वास न ठेवता मानून चालणे, तिच्यावरून निष्कर्ष काढणे आणि तरीही तिच्या खरेखोटेपणाचा प्रश्न खुला ठेवणे, ही मनाची सवय सहज लागत नाही. भारतीय परंपरेला ती अपरिचित नाही. मीमांसेच्या अधिकरणात विषय मांडून संशय उपस्थित केला जातो आणि पूर्वपक्ष पूर्ण बळाने मांडल्याशिवाय सिद्धान्ताकडे जाता येत नाही. आपल्याला न पटणारी बाजू तिच्या समर्थकाइतक्याच ताकदीने मांडणे, ही तेथेही अभ्यासकाची कसोटी होती.

पुराव्याच्या कायद्याने या सवयीला नेमकी परिभाषा दिली. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने वस्तुस्थितीच्या तीन अवस्था सांगितल्या : शाबीत, नाशाबीत, आणि शाबीत न झालेली. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे त्रिविध वर्गीकरण कायम ठेवले आहे. व्यवहारातील मन दोनच कप्पे ओळखते, खरे आणि खोटे. न्यायालयाने कोणाला निर्दोष सोडले म्हणजे तक्रारदार खोटे बोलला असे लोक समजतात, ते या दोन कप्प्यांमुळेच. ‘शाबीत झाले नाही’ आणि ‘खोटे ठरले’ यांतील अंतर ज्याला ओळखता आले, त्याच्या मनाची घडण बदलू लागली असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि, येथेच एक धोकाही आहे. ही तिसरी अवस्था तटस्थ भासते, पण ती तटस्थ नसते. जे शाबीत झाले नाही त्याचे नुकसान कोणाला तरी सोसावे लागते, आणि ते कोणी सोसावे हे शाबितीची जबाबदारी कोणावर टाकली आहे यावरून ठरते. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून त्यांना दोषी ठरविले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. तिच्या अंगावर इजेच्या खुणा नव्हत्या, या गोष्टीला त्या निकालात महत्त्व मिळाले.

१९७९ साली उपेन्द्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रात संताप होता; परंतु त्याचे बळ एका भेदात होते. शरण जाणे आणि संमती देणे या दोन गोष्टी कायद्यालाही वेगळ्या दिसल्या पाहिजेत, असे त्यांनी दाखवून दिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली पुरावा अधिनियमात नवे कलम आले. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात आरोपीने शरीरसंबंध केल्याचे शाबीत झाले आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे, अशी ती तरतूद होती. शाबितीचा जो भार त्या तरुणीच्या बाजूला पडला होता, तो तिच्यासारख्या पुढील स्त्रियांपुरता दुसऱ्या पारड्यात गेला.

कायद्याचे अध्ययन मनाला कोरडे करते, हा आक्षेप जुना आहे, आणि त्यात तथ्यही आहे. तपशील गाळण्याची सवय जडलेला माणूस कधी कधी माणूसही गाळतो. परंतु त्या अध्यापकांनी केलेला भेदही याच शिस्तीतून आलेला होता. शाबीत काय झाले, हे पाहण्यास कायद्याचा विद्यार्थी लवकर शिकतो. जे शाबीत झाले नाही त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारण्यास तो शिकला म्हणजेच त्याचे अध्ययन पुरे होते.