लेखांक 5 : वर्गाचे व्याकरण

मागील लेखांकात पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या 2019 च्या ज्या कायद्याचा विचार झाला, त्याचे 13 वे कलम थेट शाळेच्या दारात येऊन पोहोचते. शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने पारलिंगी विद्यार्थ्यांना, म्हणजे जन्मवेळी नोंदलेल्या लिंगाशी ज्यांची स्वतःविषयीची जाणीव जुळत नाही अशांना, भेदभावाविना शिक्षणाच्या व खेळाच्या संधी द्याव्यात, असे ते सांगते. प्रत्यक्ष वर्गात हे कसे साधावे, याविषयी ते मौन पाळते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) 2021 मध्ये त्यासाठी शिक्षकांकरिता प्रशिक्षण साहित्य तयार केले, परंतु राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतल्यावर ते काही दिवसांतच संकेतस्थळावरून हटवले गेले. शिक्षकापाशी उरते ते त्याचे रोजचे वागणे आणि मुख्यतः त्याची भाषा.

मराठीत हा प्रश्न जरा अधिकच टोकदार आहे. बंगाली मूल स्वतःविषयी बोलताना आपले लिंग क्रियापदातून सांगत नाही. मराठी मुलाला मात्र ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ यांपैकी एक निवडूनच तोंड उघडावे लागते. (कोल्हापूरकडच्या बोलीत मुलीही सर्रास ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही, ही गोष्ट प्रमाणभाषेच्या आग्रही शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.) ज्या मुलाची ही निवड वर्गाच्या अपेक्षेशी जुळत नाही ते चुकते किंवा गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याची नोंद अनेकदा ‘अभ्यासात कच्चा’ अशी होते. तरीही याच व्याकरणात वाटाही आहेत : ‘मी धडा वाचला’ या वाक्यात क्रियापद धड्यामागे जाते, ‘मी वाचीन’ या भविष्यकाळात लिंगभेद नाही, आणि ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हा पेच ‘तुम्ही आलात’ असे म्हणताच सुटतो. संपूर्ण वर्गाला ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या शिक्षकाला कोणा एकाकडे बोट न दाखवता हे साधता येते. फक्त एकाच विद्यार्थ्याला तसे संबोधले, तर आदरच खूण ठरतो.

लिंगभाव म्हणजे स्वतःला पुरुष, स्त्री किंवा या दोहोंपलीकडचे मानण्याची जाणीव. लैंगिक कल म्हणजे आकर्षण कोणाविषयी वाटते ते. चिडवणाऱ्यांना हा भेद ठाऊक नसतो. नाजूक चालीच्या मुलाला ‘बायल्या’ म्हणताना तो समलिंगी आहे की पारलिंगी याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. 2019 च्या कायद्याचा रोख पारलिंगी व्यक्तींकडे असल्याने समलिंगी विद्यार्थ्याला त्याचा आधार नाही, म्हणून तो शब्द कानावर पडताच वर्ग थांबवणारा शिक्षक हेच त्याचे जवळचे संरक्षण होय. मुलगे-मुली अशा रांगा लावण्याऐवजी हजेरी क्रमांकानुसार गट पाडणे यासाठी तर कोणाची परवानगीही लागत नाही.

सर्वांत नाजूक बाब गोपनीयतेची आहे. अल्पवयीन विद्यार्थ्याच्या ओळखपत्रासाठीचा अर्ज 2019 च्या कायद्यानुसार पालकांनीच करावयाचा असल्याने हजेरीपत्रकातील नाव शिक्षकाच्या इच्छेने बदलत नाही. विद्यार्थ्याने सांगितलेल्या नावाने त्याला हाक मारता येते खरी, पण चाळीस मुलांसमोर मारलेली हाक संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते, आणि घरी काय होईल याचा अंदाज शिक्षकापेक्षा त्या मुलालाच अधिक असतो. म्हणून कोणते नाव, कोठे आणि कोणासमोर वापरावे, हे त्यालाच विचारावे लागते, आणि सहृदय हेतूनेही पालकांना परस्पर कळवणे टाळावे लागते. या मौनाला एक मर्यादा आहे : मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळल्यास 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असून, ही गोष्ट शिक्षकाने विद्यार्थ्याला तो विश्वासाने काही सांगू लागण्यापूर्वीच स्पष्ट केलेली बरी.