विद्युत, संकरित की पेट्रोल? : मोटारगाडीच्या निवडीचे ऊर्जा, खर्च व प्रदूषण या निकषांवर विवेचन

सारांश

मोटारगाडी खरेदी करताना विद्युत, संकरित (हायब्रिड), पेट्रोल व सी.एन.जी. असे पर्याय ग्राहकासमोर आहेत. यांपैकी कोणता पर्याय श्रेष्ठ, हा प्रश्न या स्वरूपात विचारणेच योग्य नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. गाडी रात्री कोठे उभी राहते आणि वर्षाला किती किलोमीटर धावते, या दोन बाबी निश्चित झाल्या की निवडीचा बराचसा भाग आपोआप ठरतो. हे महाराष्ट्रातील परिस्थितीच्या संदर्भात सोप्या गणिताने दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रस्तावना

नोकरदार कुटुंबाच्या आयुष्यात घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटारगाडी होय. तिच्या कर्जाचा हप्ता पाच-सात वर्षे पगारातून जात असतो. त्यामुळे चुकीच्या निवडीची किंमतही तितकीच वर्षे मोजावी लागते. पूर्वी ही निवड 'पेट्रोल की डिझेल' एवढ्यापुरती मर्यादित होती. २००१ साली बंगळूर येथे 'रेवा' ही छोटी विद्युत गाडी बाजारात आली. लोकांनी ती कुतूहलाने पाहिली, विकत मात्र थोड्यांनीच घेतली. जानेवारी २०२० मध्ये टाटांची 'नेक्सन ईव्ही' आली आणि विद्युत गाडी मध्यमवर्गाच्या चर्चेचा विषय झाली. २०२२ मध्ये मारुती, टोयोटा व होंडा यांनी संकरित गाड्या आणल्या. आज प्राध्यापक कक्षात या विषयावर बोलणे निघाले की दोन तट पडतात. एक पक्ष विद्युत गाडीला 'प्रदूषणमुक्त व जवळजवळ फुकट' म्हणतो, तर दुसरा 'कोळशावर चालणारी गाडी' म्हणून तिची संभावना करतो. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे. परंतु गणित मांडल्याशिवाय तो अंश किती हे कळत नाही.

संज्ञांचे स्पष्टीकरण

विद्युत गाडीत केवळ बॅटरी व मोटर असते. प्लग-इन संकरित गाडीत पेट्रोल इंजिनाबरोबरच, भिंतीवरील सॉकेटमधून चार्ज करता येणारी मध्यम आकाराची बॅटरी असते. पूर्ण संकरित गाडीला मात्र प्लग नसतो. ब्रेक लावताना वाया जाणारी गती ती विजेत साठविते आणि वेग घेताना वापरते, तथापि तिच्या ऊर्जेचा मूळ स्रोत पेट्रोल हाच असतो. याशिवाय 'सौम्य संकरित' हा एक प्रकार आहे. त्यातील लहान मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, स्वतंत्रपणे गाडी चालवू शकत नाही. जाहिरातीत यांपैकी बहुतेकांना 'हायब्रिड' हे एकच नाव मिळते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न 'ही कोणती हायब्रिड?' हाच विचारला पाहिजे. प्लग-इन प्रकार भारतात प्रामुख्याने महागड्या गाड्यांतच दिसून आला आहे. सर्वसामान्य ग्राहकाच्या दृष्टीने संकरित म्हणजे बहुधा पूर्ण संकरित.

ऊर्जेचा हिशेब

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. लिटरला १६ किलोमीटर धावणारी गाडी म्हणजे किलोमीटरला ०.५६ युनिट ऊर्जा वापरते. विद्युत गाडीला, चार्जिंगमधील घट धरून, किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट पुरतात. म्हणजे विद्युत गाडी पावणेचारपट काटकसरी ठरते. याचे कारण असे की, पेट्रोल इंजिनात इंधनातील सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विद्युत मोटरमध्ये ही घट फार थोडी असते.

परंतु हा हिशेब सॉकेटपाशी संपवणे योग्य नाही. कोळशावरील वीजकेंद्रात कोळशातील ऊर्जेपैकी सुमारे एक-तृतीयांश किंवा किंचित अधिक भागच विजेत रूपांतरित होतो. पुढे वहनातही घट होते. म्हणजे जी उष्णता पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली वाया जात होती, ती आता दूरच्या वीजकेंद्रात वाया जाते. हा मुद्दा ध्यानात घेतला की विद्युत गाडीचा खर्चातील लाभ मोठा आणि प्रदूषणातील लाभ तुलनेने मर्यादित का, याचा उलगडा होतो.

खर्चाचा हिशेब

पुढील आकडे उदाहरणासाठी गृहीत धरलेले आहेत. वाचकाने आपल्या गावचे दर घालून हेच गणित पुन्हा करावे. पेट्रोल १०४ रुपये लिटर व सी.एन.जी. ९० रुपये किलो मानू. पेट्रोल गाडी लिटरला १६, पूर्ण संकरित गाडी लिटरला २२ आणि सी.एन.जी. गाडी किलोला २५ किलोमीटर धावते असे धरू. तर किलोमीटरमागे इंधनखर्च असा येतो :

पेट्रोल : ६.५० रुपये
पूर्ण संकरित : ४.७३ रुपये
सी.एन.जी. : ३.६० रुपये
विद्युत, घरी १० रुपये युनिट दराने : १.५० रुपये
विद्युत, घरी १६ रुपये युनिट दराने : २.४० रुपये
विद्युत, सार्वजनिक जलद केंद्रावर २२ रुपये दराने : ३.३० रुपये

विद्युत गाडीच्या तीन ओळी का, हे येथे सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. १००, ३०० व ५०० युनिटांवर टप्पे बदलतात आणि आकारावर १६ टक्के वीजशुल्कही लागते. दरमहा १२० युनिट वापरणाऱ्या घरात गाडीचे १८० युनिट मिळविले तर ते ३०० च्या आतच बसतात. मात्र ज्या घरात आधीच २८० युनिट जळतात, तेथे गाडीचे जवळजवळ सर्व युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात. विक्रेत्याच्या पत्रकात 'किलोमीटरला एक रुपया' असे छापलेले असते, तेव्हा हा टप्प्यांचा परिणाम बहुधा वगळलेला असतो. म्हणून गाडीच्या पत्रकाआधी मागील बारा महिन्यांची वीजबिले पाहणे अधिक शहाणपणाचे.

आता खरेदीतील फरक. समान आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा विद्युत गाडी ४ लाख, संकरित ३ लाख व सी.एन.जी. ९५ हजार रुपयांनी महाग आहे असे मानू. हा फरक इंधनबचतीतून भरून निघण्यासाठी विद्युत गाडीला वरील तीन दरांनुसार अनुक्रमे ८० हजार, सुमारे ९८ हजार आणि १ लाख २५ हजार किलोमीटर धावावे लागेल. संकरित गाडीला सुमारे १ लाख ६९ हजार, तर सी.एन.जी. गाडीला अवघे ३३ हजार किलोमीटर पुरतील. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबात, घरी चार्ज होणारी विद्युत गाडी पाच ते साडेसहा वर्षांत आपली अधिक किंमत फेडते. वर्षाला ६ हजार किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबात त्याच गाडीला तेरा ते सोळा वर्षे लागतात.

या फरकावर शासकीय धोरणाचाही परिणाम होतो. विद्युत वाहनांवरील जी.एस.टी. ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आणला गेला, त्यामुळे दोहोंतील अंतर कमी झाले. केंद्राची 'फेम' योजनेची दुसरी फेरी मार्च २०२४ मध्ये संपली आणि तिच्यानंतर आलेल्या 'पी.एम. ई-ड्राइव्ह' योजनेत खाजगी मोटारींना अनुदान नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या धोरणात मात्र मोटार वाहन करातून सूट तसेच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे पथकरमाफीची तरतूद आहे. सवलती येतात आणि जातात. त्यामुळे केवळ सवलतीवर आधारलेली निवड टिकाऊ मानता येत नाही.

प्रदूषणाचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. इंधन शुद्धीकरण व वाहतुकीपोटी त्यात पाचवा हिस्सा मिळविला, तर १६ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी किलोमीटरला सुमारे १७० ग्रॅम आणि २२ किलोमीटर देणारी संकरित गाडी सुमारे १२५ ग्रॅम उत्सर्जन करते. भारतात एक युनिट वीज निर्माण होताना सरासरी ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वहनातील घट १५ टक्के धरली, तर विद्युत गाडीचे उत्सर्जनही किलोमीटरला सुमारे १२५ ग्रॅम येते. म्हणजे आजच्या विजेवर विद्युत गाडी पेट्रोल गाडीपेक्षा निश्चितच बरी, परंतु चांगल्या संकरित गाडीच्या जवळपासच आहे. 'इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन' या संस्थेने २०२१ मध्ये गाडीच्या निर्मितीपासून अखेरपर्यंतचा हिशेब करून भारतातील विद्युत गाडीचा लाभ १९ ते ३४ टक्के असा दाखविला होता.

मात्र येथे एक महत्त्वाचा भेद आहे. पेट्रोल गाडी जसजशी जुनी होते तसतसे तिचे प्रदूषण वाढण्याचीच शक्यता असते. विद्युत गाडी मात्र वीज स्वच्छ होत जाईल तशी, जागेवर उभ्या उभ्या, स्वच्छ होत जाते. २०२५ मध्ये देशातील स्थापित वीजक्षमतेचा अर्धा वाटा जीवाश्मेतर स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अजूनही मोठा असला तरी दिशा स्पष्ट आहे. ज्याच्या छतावर सौरपट आहेत, त्याला तर या बदलाची वाट पाहण्याचेही कारण नाही.

आणखी एका प्रश्नाकडे अभ्यासकांनी दुर्लक्ष करू नये. विद्युत गाडीच्या मागे धूर नसतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या चौकातील हवा सुधारते. परंतु त्या गाडीच्या विजेतील काही भाग चंद्रपूर व कोराडी येथील औष्णिक केंद्रांतून येतो, आणि तेथील राख व धूर तेथील रहिवाशांच्या वाट्याला येतात. चंद्रपूर केंद्राची क्षमताच २९२० मेगावॅट आहे. शहरातील ग्राहकाची स्वच्छता काही अंशी दुसऱ्याच्या अंगणात ढकललेली असते, याचे भान राखले पाहिजे. 'प्रदूषणमुक्त' या शब्दापेक्षा 'प्रदूषणाचे स्थलांतर व काही अंशी घट' हे वर्णन वस्तुस्थितीस अधिक धरून आहे.

प्लग-इन संकरित गाडीचा धडा

कागदावर प्लग-इन संकरित गाडी सर्वगुणसंपन्न वाटते : रोजचा प्रवास विजेवर, लांबचा पेट्रोलवर. युरोपात असे लाखो ग्राहक मिळाले. मात्र युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, या गाड्यांचे प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या सरासरी साडेतीनपट असल्याचे आढळले. कारण साधे होते. त्या गाड्या गृहीत धरल्या होत्या तितक्या वेळा चार्ज केल्या जात नव्हत्या. यंत्रात दोष नव्हता. यंत्र आणि वापरणाऱ्याची सवय यांचा मेळ बसला नव्हता. हा धडा सर्वच प्रकारच्या गाड्यांना लागू पडतो.

तीन काल्पनिक उदाहरणे

पहिले उदाहरण : तालुक्याच्या गावी स्वतःचे घर व अंगण असलेल्या, पंचवीस किलोमीटर दूरच्या महाविद्यालयात रोज गाडीने जाणाऱ्या प्राध्यापिका. रोजचे ५० किलोमीटर, वर्षाचे १५ हजार. रोज साडेसात युनिट लागतात, ते १५ अँपियरच्या साध्या सॉकेटवरून अडीच-तीन तासांत मिळतात. छतावर ३ किलोवॅटचे सौरपट बसविल्यास दिवसाला साधारण १२ युनिट मिळू शकतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पी.एम. सूर्यघर' योजनेत यासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. यांच्यासाठी विद्युत गाडी हा निःसंशय योग्य पर्याय होय.

दुसरे उदाहरण : पुण्यात चौथ्या मजल्यावर राहणारे, महाविद्यालयापासून आठ किलोमीटरवर असणारे प्राध्यापक. गाडी उभी करण्याची जागा ठरलेली नाही, सोसायटीत सॉकेटवरून वाद आहेत, वर्षाचे ६ हजार किलोमीटर. सार्वजनिक केंद्रावर अवलंबून राहिल्यास वर्षाला जेमतेम १९ हजार रुपये वाचतील. ४ लाख भरून निघण्यास सुमारे एकवीस वर्षे लागतील. त्यांनी आहे तीच गाडी सांभाळून वापरणे, अथवा लहान पेट्रोल गाडी घेणे हिताचे.

तिसरे उदाहरण : नोकरी पुण्यात व कुटुंब लातुरास असलेले प्राध्यापक. एका बाजूचे अंतर सुमारे ३३० किलोमीटर, महिन्यातून दोन फेऱ्या. नेक्सन ईव्हीच्या पहिल्या आवृत्तीत ३०.२ युनिटची बॅटरी होती व तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. वर धरलेल्या वापरानुसार प्रत्यक्ष पल्ला सुमारे २२५ किलोमीटरच येतो, आणि महामार्गाच्या वेगात तो आणखी घटतो. म्हणजे वाटेत किमान एक चार्जिंग आले. संकरित गाडीचा लाभही थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत जास्त, मोकळ्या महामार्गावर कमी. अशा ग्राहकासाठी मार्गावर पंप असतील तर सी.एन.जी. गाडी विचारात घेण्याजोगी आहे. मात्र टाकीमुळे जाणारी सामानाची जागा, पंपावरील रांगा आणि दर तीन वर्षांनी करावी लागणारी टाकीची तपासणी यांची तयारी हवी. दोन्ही घरी सॉकेट असेल आणि बॅटरी मोठी असेल, तरच विद्युत गाडी त्यांना सोयीची ठरेल.

मर्यादा

प्रस्तुत विवेचनात विमा, देखभाल, कर्जाचे व्याज व पुनर्विक्रीची किंमत यांचा समावेश केलेला नाही. इंधनातील इथेनॉलचा वाटाही वेगळा काढलेला नाही. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असल्याने गाडीची सरासरी काहीशी घटते, हे वाचकाने स्वतःचे गणित करताना ध्यानात घ्यावे.

निष्कर्ष

१. ज्याच्याकडे रात्री गाडी उभी करण्यास स्वतःची जागा व सॉकेट आहे, आणि ज्याचा वार्षिक प्रवास १२-१५ हजार किलोमीटर वा अधिक आहे, त्याने विद्युत गाडी घ्यावी. सौरपट असल्यास लाभ द्विगुणित होतो.

२. जागा वा सॉकेट नसल्यास, अधिक प्रवासासाठी सी.एन.जी. आणि मुख्यतः शहरातील गर्दीत अधिक प्रवास करणाऱ्यासाठी पूर्ण संकरित गाडी विचारात घ्यावी. संकरित गाडीचा आर्थिक लाभ मात्र उशिरा मिळतो.

३. अल्प प्रवास असणाऱ्यास कोणतीही महागडी नवी गाडी इंधनबचतीच्या आधारावर परवडत नाही.

४. चार्जिंगची सोय हा केवळ ग्राहकाचा खाजगी प्रश्न नाही. दिवसाचे सहा-सात तास प्राध्यापक व कर्मचारी यांच्या गाड्या महाविद्यालयाच्या आवारात उभ्या असतात आणि नेमक्या त्याच वेळी इमारतीच्या छतावर ऊन पडत असते. छतावर सौरपट व वाहनतळावर मोजणीसह काही सॉकेट बसविले, तर वरील दुसऱ्या उदाहरणातील प्राध्यापकालाही चार्जिंगची सोय उपलब्ध होईल आणि चंद्रपूरच्या कोळशावरील भारही तेवढा हलका होईल. गाडीची निवड व्यक्ती करते. ती निवड शक्य करून देणारी व्यवस्था मात्र संस्थांनीच उभी करावयाची असते.