दगडांच्या दरीतील बालशाळा

एखाद्या संस्थेला पन्नास किंवा शंभर वर्षे झाली की समारंभ होतो. मांडव पडतो, संस्थापकांच्या तसबिरीला हार घातला जातो, अहवाल वाचून होतो. हे व्हावेच. पण चर्चच्या आवारात भरणाऱ्या बालशाळेचा वर्धापनदिन म्हटला की एक अडचण येते. जी मुले तिथे चौथ्या-पाचव्या वर्षी येऊन गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांना तिथले फारसे काही आठवतच नाही! मग उत्सव करायचा तो कशाचा? याचे उत्तर एका फार जुन्या बालशाळेच्या हकीकतीत सापडते. २०१९ साली तिच्या आरंभाला अडीचशे वर्षे झाली.

फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील आल्सास प्रांतात व्होज नावाचे डोंगर आहेत. त्या डोंगरांतल्या एका दरीला जर्मन भाषेत श्टाइनटाल, म्हणजे ‘दगडांची दरी’, म्हणतात. नाव तशीच जमीन. हिवाळा लांबलचक, पीक तुटपुंजे आणि रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. १७६७ साली योहान फ्रीड्रिख ओबर्लिन हा सव्वीस वर्षांचा ल्यूथरपंथी पाळक तेथल्या वाल्डेर्सबाख गावी आला. नुसता उपदेश करून स्वस्थ बसणारा हा गृहस्थ नव्हे. गावकऱ्यांबरोबर स्वतः कुदळ घेऊन त्याने रस्ता केला, नदीवर पूल बांधवला, शाळांना इमारती मिळवून दिल्या.

पण शाळेत बसण्याइतकी मोठी न झालेली लेकरे, त्यांचे काय? आईबाप दिवसभर शेतावर, आणि मुले वाऱ्यावर. ती बोलत ती डोंगरातली बोली. दरीबाहेरच्या माणसाला ती समजायची नाही. बेलमाँ या खेड्यातली सारा बान्झे नावाची तरुणी अशा मुलांना आपणहून गोळा करून विणकाम शिकवू लागली होती. कुणी तिला सांगितले नव्हते की पगार दिला नव्हता. ओबर्लिनच्या हे नजरेस आले आणि १७६९ साली त्याने तिला या कामावर रीतसर नेमले. पुढे शेजारच्या खेड्यांतही अशा शाळा निघाल्या. सुरुवातीचा खर्च पाळकाने बराचसा पदरचा केला.

या शाळेचे नावच मुळी ‘विणकामाची ऊबदार खोली’ अशा अर्थाचे होते. शेगडी पेटलेली, भोवती मुले, मध्ये बाई. शिकवणाऱ्या बाईला ‘शिक्षिका’ न म्हणता ‘वाट दाखवणारी’ अशा अर्थाचा फ्रेंच शब्द वापरीत. अगदी लहान मुले खेळत, जरा मोठी सुया चालवीत, आणि हात चालू असताना कान मोकळे असत. मग बायबलातली गोष्ट, भजन, चित्रे, झाडापानांची ओळख, नकाशावर आपले गाव कुठे ते पाहणे. बोलता बोलता फ्रेंच भाषा जिभेवर बसे. हवा बरी असली की सगळी पलटण रानात. एवढ्याशा मुलांच्या हाती काम द्यावे हे आज आपल्याला खटकेल. पण त्या दरिद्री दरीत विणकाम म्हणजे हिवाळ्यातली मीठभाकर होती, हेही विसरून चालणार नाही.

यात धर्म होताच, तो कुणी लपवला नाही. पण तो मुलापर्यंत पोहोचला तो शेगडीच्या उबेतून, त्याच्याकडे लक्ष देणाऱ्या माणसाच्या रूपाने. प्रार्थनेचे शब्द समजण्याआधी मुलाला एवढे समजते की, इथे मला कुणी हाकलीत नाही. लहान मुलांची सेवा म्हणतात ती हीच.

आता पुढचा भाग ऐका. सारा १७७४ साली तरुणपणीच वारली. १७७९ च्या सुमारास लुईझ शेप्लेर ही पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ओबर्लिनच्या घरी कामाला आली. १७८३ साली त्याची पत्नी वारल्यावर तिने त्याची मुले वाढवली, आणि बालशाळांचे काम तर जन्मभर केले. १८२९ साली फ्रेंच अकादमीने तिला सद्गुणांचे पारितोषिक दिले. शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी तिचा गौरव केला. गौरव योग्यच होता. पण या शाळांची कल्पना लुईझचीच, असेही तेव्हापासून सांगितले जाऊ लागले. वास्तविक सारा कामावर रुजू झाली तेव्हा लुईझ जेमतेम सहा वर्षांची होती! आणि ओबर्लिनच्या नावाचे तर अमेरिकेत १८३३ पासून एक महाविद्यालयही आहे. साराच्या वाट्याला काय आले, तर फार दिवसांचे विस्मरण.

फ्रॉबेलच्या ‘किंडरगार्टन’ला ते नाव मिळाले १८४० साली, आणि माँटेसोरीबाईंचे ‘बालगृह’ रोममध्ये उघडले १९०७ साली. त्यांचा शास्त्रीय विचार मोठा आहे, यात शंका नाही. पण त्यांच्याही आधी एका खेड्यातल्या मुलीने शेजारची पोरे जवळ बसवून घेतली होती.

तेव्हा वर्धापनदिनी मोजायचे ते वर्षे नव्हेत आणि खोल्याही नव्हेत. मुलाला आठवो न आठवो, त्याचे नाक पुसणारे, त्याचा अर्धवट शब्द समजून घेणारे कुणीतरी रोज वेळेवर तिथे हजर होते, ही गोष्ट साजरी करायची. आपल्या ओळखीच्या बालशाळेचा समारंभ निघाला, तर अहवालात एक ओळ जरूर घाला: पहिल्या दिवशी मुलांना घेऊन बसलेल्या बाईंचे नाव. माहीत नसेल, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवा.