घोड्यांचे रंग

घोड्यांचे रंग : घोड्याचे अंग, आयाळ, शेपूट व पाय यांवरील केसांच्या रंगांवरून त्याचे वर्णन केले जाते. मराठीतील रंगवाचक नावे बहुतांशी अरबी-फार्सीतून आलेली आहेत. तांबूस अंग आणि काळी आयाळ, शेपूट व पाय असलेल्या घोड्यास कुमैत, आयाळीसह सर्वांगी तांबूस असलेल्यास सुरंग, काळ्यास मुश्की, करड्या-पांढऱ्यास सब्जा व मोठे पांढरे ठिपके असलेल्यास अबलख म्हणतात. पंचकल्याणी हा मात्र रंग नव्हे. चार पाय व तोंड यांवरील पांढऱ्या खुणांना उद्देशून ते नाव आहे.

केसांत काळे व तांबडे अशी दोनच रंगद्रव्ये असतात. काळे रंगद्रव्य निर्माण करणारे जनुक प्रभावी असून दुसरे एक जनुक ते आयाळ, शेपूट व पाय यांपुरते मर्यादित ठेवते. त्यामुळे घोडा कुमैत होतो. सुरंग रंग अप्रभावी असल्याने दोन सुरंग घोड्यांची शिंगरे सुरंगच निपजतात. उलट, दोन कुमैत घोड्यांत सुरंगाचे जनुक सुप्त असल्यास त्यांच्या चार शिंगरांत सरासरीने एक सुरंग असते.

पुण्याचे घोडदौडीचे मैदान १८३० पासूनचे आहे. तेथे पावसाळी हंगामात धावणाऱ्या थरोब्रेड जातीत कुमैत व सुरंग हे रंग सर्वाधिक, सब्जा थोडे व अस्सल मुश्की फारच विरळ असतात. सब्जा शिंगराच्या जनकांपैकी निदान एक सब्जा असावाच लागतो. एका पिढीत साखळी तुटली, की त्या वंशात तो रंग पुन्हा उमटत नाही. थरोब्रेडमधील या रंगाची परंपरा मुख्यत्वे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘ॲल्कॉक्स अरेबियन’ या एका घोड्यापर्यंत पोहोचते. याउलट, लिपिझानर जातीत पांढऱ्या रंगाचीच निवड होत गेल्याने कुमैत घोडा अपवादात्मक ठरतो. रंगाचे प्रमाण असे बव्हंशी पैदासकाराच्या आवडीवर अवलंबून असते. त्याचा वेगाशी वा काटकपणाशी संबंध जोडणे निराधार आहे.

वरातीतील पांढरा घोडा जन्मतः पांढरा असतोच असे नाही. सब्जा शिंगरू गडद रंगाचे जन्मते व काही वर्षांत क्रमाक्रमाने पांढरे होते. त्वचा मात्र काळीच राहते. नुकऱ्याची त्वचा गुलाबी असते. सब्जाला कारणीभूत असलेला जनुकीय बदल २००८ मध्ये निश्चित झाला. त्याच बदलामुळे त्वचेत काळ्या गाठी उद्भवतात; पंधरा वर्षांवरील सब्जा घोड्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक घोड्यांत त्या आढळतात. शेपटीखाली व गुदद्वाराभोवती त्या प्रथम दिसत असल्याने घोडा विकत घेताना तो भाग तपासणे अगत्याचे ठरते. केवळ शुभ्रतेसाठी जादा किंमत मोजणारा ग्राहक ही तपासणी सहसा करीत नाही.

रंग पालटतो, म्हणून ओळखीसाठी तो एकटा पुरेसा नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगिरास सरकारी घोडा मिळे, तर शिलेदार स्वतःचा आणी. मोगल लष्करात घोड्यांची अदलाबदल रोखण्यासाठी रंग व खुणा टिपून शिवाय डागही देत. कपाळावरील ठिपका व केसांचे भोवरे आयुष्यभर टिकतात. भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरविण्यास आधार नसला, तरी ओळखीसाठी त्यांची नोंद आजही होते. शर्यतीच्या घोड्यांच्या त्वचेखाली आता सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक चकतीही बसवितात.